मोंबासा बंदर : धक्क्यावरचे मोजलेले दिवस

हिंदी महासागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे चार अंशांवर, केनिया देशाचे मोंबासा हे बेट वसले आहे. बेट म्हटले की चहूबाजूंनी उसळणारा समुद्र डोळ्यांपुढे येतो. मोंबासा मात्र तसे नाही. मुख्य भूमीने दोन्ही बाहू पुढे करून त्याला कवेत घेतले आहे आणि दोन्ही अंगांनी खाडीचे शांत पाणी आत शिरले आहे. ईशान्येस ट्यूडर खाडीच्या मुखाशी जुने बंदर आहे, नैर्ऋत्येस किलिंडिनी. ‘किलिंडिनी’ या स्वाहिली नावाचा अर्थच खोल पाण्याची जागा असा होतो. एकाच बेटाच्या दोन अंगांना ही दोन बंदरे आहेत. एक शिडाच्या गलबतांचे, दुसरे कंटेनर वाहणाऱ्या महाकाय जहाजांचे. एका धक्क्यावरून दुसऱ्याकडे माणूस पायी सहज जाईल, पण व्यापाराला एका बंदरातून दुसऱ्यात जाण्यास शतके लागली.

जुन्या बंदराचे वेळापत्रक वाऱ्याने ठरविलेले होते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात, तर एप्रिलपासून पुढे नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘कुसी’. कच्छ, काठियावाड, अरबस्तान आणि इराणच्या आखातातील गलबते कास्काझीवर येत. कापड, धान्य, खजूर, भांडी उतरवीत. आणि कुसी सुरू झाला की हस्तिदंत, छपरांना लागणारे खारफुटीचे वासे, खोबरे, लवंग असा माल भरून परत फिरत. मधल्या महिन्यांत तांडेल आणि खलाशी थांबून राहत. त्या थांबण्याचे भाडे कोणी आकारीत नव्हते. उधारीही त्याच हिशेबाने चाले : या वाऱ्याला दिलेला माल, पुढच्या वाऱ्याला त्याचा भरणा.

या येण्याजाण्याची खरी खूण जुन्या शहराच्या भिंतींत नव्हे, तर भाषेत उरली आहे. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’, हुंडीला ‘हुंडी’, लाखाला ‘लाकी’, वाहनाला ‘गारी’ आणि बंदराला ‘बंदारी’. व्यापारी घरातील माणसाला मोंबासाच्या बाजारात पहिल्याच दिवशी निम्मे व्यवहारी शब्द समजतात, ते यामुळे. जोखीम, पत आणि संख्या यांचे शब्द जेव्हा एक भाषा दुसरीकडून उचलते, तेव्हा त्या दोन किनाऱ्यांनी एकमेकांची खातेवही किती जवळून पाहिली असेल, याचा अंदाज करता येतो.

जुन्या बंदरावर नजर ठेवून उभा असलेला फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. शंभर वर्षांनी, १६९८ मध्ये, दीर्घ वेढ्यानंतर तो ओमानच्या अरबांनी जिंकला. २०११ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. किल्ल्याच्या इतिहासात तलवारीचा भाग मोठा असला तरी त्याच्या पायथ्याशी चाललेला खरा झगडा जकातीचा होता. एकोणिसाव्या शतकात मोंबासा झांझिबारच्या सुलतानाकडे आले. त्या राज्याच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. म्हणजे आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालावर अरब सुलतानाच्या नावाने जकात आकारणारा माणूस कच्छी चोपडीत हिशेब लिहीत असे.

१८९६ हे वर्ष मोंबासाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी येथून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले. १९०१ मध्ये लोहमार्ग व्हिक्टोरिया सरोवराकाठी आजच्या किसुमूपर्यंत पोहोचला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर आणण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २,५०० परत येऊ शकले नाहीत. म्हणजे मार्गाच्या प्रत्येक मैलामागे चार माणसे. मजूर आणि रसद पुरविण्याचे मोठे काम कराचीच्या अलिभाई मुल्ला जीवनजी यांच्याकडे होते. रुळांमागोमाग दुकाने गेली. मूळचे कच्छचे अल्लादिना विसराम यांनी तर किनाऱ्यापासून युगांडापर्यंत दुकानांची साखळीच उभी केली.

दुसरी घटना कोणाच्या फारशी ध्यानात नसते. त्याच १८९६ च्या जुलैमध्ये नॅशनल बँक ऑफ इंडियाने मोंबासात आपली लहानशी शाखा उघडली. पुढे अनेक नावे बदलत याच बँकेतून १९७० मध्ये केनिया कमर्शियल बँक झाली. त्या शाखेच्या गल्ल्यावर मोजले जाणारे नाणे होते हिंदुस्थानी रुपया. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचा व्यवहार रुपयातच चालला. नंतर फ्लोरिन आणि लगोलग शिलिंग आला. रुपया बदलताना कोणत्या दराने बदलावा, यावरून त्या काळी मोठी खळबळ उडाली होती, कारण कर्जे, मजुरी आणि उधारी सारीच त्यात अडकली होती. चलन बदलले की जुन्या उधारीचे वजन बदलते, ही गोष्ट व्यापाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

याच काळात जामनगरच्या आसपासच्या हालार प्रांतातून ओसवाळ कुटुंबांतील तरुण येथे उतरू लागले. छप्पनियाचा दुष्काळ मागे होता आणि पुढे अनोळखी किनारा. बहुतेकांनी दुसऱ्याच्या दुकानात गुमास्ता म्हणून सुरुवात केली, मग देशाच्या अंतर्भागात स्वतःचे दुकान मांडले. मोंबासाच्या जुन्या वस्तीतील शिखरबंद जिनालय आज पाहुण्यांना आवर्जून दाखविले जाते. गुमास्त्याच्या त्या पहिल्या पिढीची बहुतेक माणसे मात्र कोणत्याही पाटीवर नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईहून मोंबासाला ‘कारंजा’ आणि ‘कंपाला’ या आगबोटी नियमित जात. पहिले नाव महाराष्ट्रातील जैन वाचकास ओळखीचे वाटेल. त्या बोटींच्या डेकवर अंथरूण टाकून गेलेल्या प्रवाशांनाही ते तसेच घरचे वाटले असेल.

आगबोटींना शिडाच्या गलबतांपेक्षा खोल पाणी हवे असते. म्हणून व्यापार बेटाच्या दुसऱ्या अंगाला, किलिंडिनीकडे सरकला. तेथील पहिले खोल पाण्याचे धक्के १९२६ मध्ये तयार झाले. तोपर्यंत मोठी जहाजे खाडीत नांगरत आणि माल पडावांतून किनाऱ्यावर येई. आज प्रवेशमार्ग गाळ उपसून सुमारे १५ मीटर खोल केलेला आहे. बंदराचा कारभार १९७८ पासून केनिया पोर्ट्स ऑथॉरिटी पाहते. २०२४ मध्ये या बंदरातून सुमारे ४ कोटी १० लाख टन मालाची ये-जा झाली आणि कंटेनरची संख्या, वीस फुटी पेटीच्या मापाने, प्रथमच २० लाखांवर गेली.

बंदराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या मालाने वाटून घेतले आहेत. गहू आणि अन्य धान्याच्या सुट्ट्या खेपा एका खासगी यंत्रणेद्वारे जहाजातून शोषून पट्ट्यांवरून थेट कोठारांत जातात; गोण्या शिवणारे आणि वाहणारे हात तेथे आता फारसे दिसत नाहीत. मगाडी सरोवरातून निघणारा सोडा रेल्वेने येतो आणि जहाजांत भरला जातो. काच आणि साबणाच्या धंद्यातील मंडळींना या मालाची ओळख असेलच. मगाडीची ती कंपनी २००५-०६ पासून टाटा केमिकल्सच्या मालकीची आहे. खनिज तेलासाठी २०२२ मध्ये खाडीच्या मध्यभागी ७७० मीटर लांबीचा नवा किपेवू तेलधक्का सुरू झाला. तेथे एका वेळी चार तेलवाहू जहाजे लागू शकतात. त्याआधी १९६३ चा जुना धक्का एका वेळी एकच जहाज घेई, आणि बाकीची जहाजे बाहेर समुद्रात ताटकळत. त्या ताटकळण्याचा दर डॉलरमध्ये असे आणि तो शेवटी कंपालाच्या रिक्षावाल्यापर्यंत पोहोचे. कंटेनरसाठी जपानच्या कर्जातून दुसरे टर्मिनल उभे राहिले : पहिला टप्पा २०१६ मध्ये, दुसरा २०२२ मध्ये. दोन्ही मिळून वर्षाला दहा लाख पेट्यांची भर.

या साऱ्या सुविधा पाहिल्यावर असे वाटते की मोंबासा हे केनियाचे बंदर आहे. ते अर्धसत्य आहे. युगांडा, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान आणि काँगोचा पूर्व भाग यांना समुद्र नाही किंवा जवळचा समुद्र हाच आहे. परदेशी जाणाऱ्या या मालापैकी सर्वांत मोठा वाटा युगांडाचा. २००७ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या, लोहमार्ग उखडला गेला, महामार्ग अडला. आणि काही दिवसांतच कंपाला व किगालीत पेट्रोल मिळेनासे झाले. ज्या देशाला किनारा नाही, त्याची किल्ली शेजाऱ्याच्या खिशात असते. त्यानंतर पूर्व आफ्रिकी देशांनी २०१४ पासून एकच सीमाशुल्क क्षेत्र अमलात आणले. युगांडाकडे जाणाऱ्या मालाचे शुल्क आता मोंबासा सोडण्याआधीच युगांडाच्या खात्यात भरले जाते. संक्रमणातील ट्रेलरला इलेक्ट्रॉनिक सील लागते आणि त्याचा मार्ग पडद्यावर दिसत राहतो. पूर्वी सीमेवर मालाबा येथे ट्रेलरच्या कित्येक किलोमीटरच्या रांगा लागत आणि तेथील खानावळी त्या रांगांवर जगत.

निर्यातीकडे वळले तर मोंबासाचे नाव जगात चहामुळे आहे. येथे दर आठवड्याला होणारा लिलाव सीटीसी काळ्या चहाचा जगातील सर्वांत मोठा लिलाव समजला जातो. १९५६ मध्ये नैरोबीत लहान प्रमाणावर सुरू झालेला हा लिलाव १९६९ मध्ये मोंबासाला आला. त्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे : माल जेथून जहाजात चढायचा, तेथेच त्याचा भाव ठरावा. केनियाच्या उंच मळ्यांवरील चहाबरोबर युगांडा, रवांडा, बुरुंडी, टांझानिया, मलावी येथील चहाही येथील गोदामांत येऊन पडतो. दलाल त्याची चव घेतात. पांढऱ्या पेल्यांच्या लांब ओळी, एक घोट, जिभेवर क्षणभर घोळवणे, थुंकणे, पुढचा पेला. मग यादी छापली जाते, खरेदीदारांना नमुने जातात आणि बोली डॉलरमध्ये लागते. २०२० च्या महासाथीत हा लिलाव सभागृहातून संगणकाच्या पडद्यावर गेला तो कायमचाच. सर्वांत मोठा गिऱ्हाईक पाकिस्तान. त्यानंतर इजिप्त, ब्रिटन, अमिरात. कराचीत गहू महागला किंवा कैरोत डॉलरची टंचाई झाली की त्याचे पडसाद मोंबासाच्या बोलीत उमटतात.

जुलै २०२१ मध्ये सरकारने लहान शेतकऱ्यांच्या चहाला किलोमागे २.४३ डॉलर हा किमान भाव ठरवून दिला. हेतू चांगला होता. शेतकऱ्याला पानांचा योग्य मोबदला मिळावा, यात गैर काय? परंतु खरेदीदाराने त्या भावाला बोली लावली नाही, तर चहा गोदामातच राहतो, आणि चहा म्हणजे सोने नव्हे. ठेवून त्याचा कस वाढत नाही. हलक्या प्रतीचा चहा मोठ्या प्रमाणात पडून राहिला, गोदामभाडे चढत गेले, आणि शेवटी ती अट मागे घ्यावी लागली. लासलगावच्या कांद्याचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कथा निराळ्या हवामानातील ओळखीची वाटेल.

भारतातून मोंबासाला जाणारा माल पाहिला, तर त्यात शुद्ध केलेली तेले, औषधे, पोलाद, यंत्रे, तांदूळ आणि दुचाकी हे मुख्य. पूर्व आफ्रिकेत भाड्याने प्रवासी वाहणाऱ्या मोटारसायकलीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात. युगांडा-केनिया सीमेवर एका बॉर्डरपासून दुसऱ्या बॉर्डरपर्यंत नेणारी सायकल, हे त्या शब्दाचे मूळ. त्यांतील फार मोठी संख्या बजाज बॉक्सरची आहे. खेडोपाडी डोंगरावर पोचणारे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारे, केळ्यांचे घड बाजारात आणणारे वाहन तेच. न्हावाशेव्याहून निघालेल्या पेटीत सुटे भाग असतात. तिकडे जुळणी होऊन गाडी रस्त्यावर येते. उलट दिशेने येणाऱ्या मालात सोडा, चहा, कातडी, काही कडधान्ये. तूर मात्र भारतात प्रामुख्याने मोझांबिक, टांझानिया आणि मलावीतून येते. केनियातील तूर, जिला स्वाहिलीत ‘म्बाझी’ म्हणतात, ती बव्हंशी घरीच खपते. मोंबासात सकाळच्या न्याहारीला नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी आणि वेलची घातलेले ‘माहामरी’ नावाचे फुगीर तळलेले पाव मिळतात. मांसमच्छीच्या त्या किनाऱ्यावर निरामिष प्रवाशाची सकाळ तरी निश्चिंत जाते.

आता त्या प्रश्नाकडे वळावे, ज्यावर मोंबासाच्या व्यापारात नफा टिकतो किंवा बुडतो. मुंबई ते मोंबासा अंतर सुमारे २,४०० सागरी मैल आहे. थेट जहाज आठ-दहा दिवसांत पोहोचते. एरवी हे अंतर कमी असणे म्हणजे सुदैव. पण बँकेच्या कागदांच्या दृष्टीने तीच अडचण आहे. निर्यातदार जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग मिळवितो, बीजक, विमा, मूळस्थानाचा दाखला हे सारे जुळवून आपल्या बँकेत देतो, ती बँक तपासून परदेशी बँकेकडे पाठविते, तेथे पुन्हा तपासणी होते. लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नव्हे. आणि एका अक्षराची चूक असली तरी कागद अडू शकतात. तोवर माल किलिंडिनीच्या धक्क्यावर उतरलेला असतो. कागद नसल्याने तो सुटत नाही, आणि मोफत दिवस सरू लागतात. अनेक वर्षे स्थानिक मालाला चार आणि परदेशी जाणाऱ्या मालाला नऊ मोफत दिवस असा येथील नियम होता. पाचव्या दिवसापासून बंदराचे गोदामभाडे, आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे जहाज कंपनीचे पेटीभाडे. दोन्ही मीटर वेगवेगळे, दोन्ही डॉलरमध्ये, आणि दोन्ही जसजसे दिवस जातील तसे चढत जाणारे. पाच टक्के नफ्यावर धंदा करणाऱ्याचा नफा तेथे आठवड्यात विरघळतो.

यावर अनुभवी पेढ्या दोन-तीन उपाय योजतात. विश्वासातील गिऱ्हाईक असेल तर बिल ऑफ लेडिंग मुंबईतच जमा करून तिकडे तारेने माल सोडण्याची सूचना दिली जाते. त्यात वेग आहे, पण मालावरचा ताबाही त्याच क्षणी जातो. ज्याची पत डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्यासाठी हा मार्ग नव्हे. दुसरा उपाय, आयातदाराच्या बँकेची हमी घेऊन माल सोडविणे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कागद पहिल्या वेळीच बिनचूक करणे. केनियाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अनेक वस्तूंना निर्यातीपूर्वी तपासणी होऊन अनुरूपतेचा दाखला मिळावा लागतो. तो मागाहून मिळविणे महाग पडते. आणि जानेवारी २०१७ पासून तेथे येणाऱ्या मालाचा सागरी विमा स्थानिक कंपनीकडेच उतरविण्याचा नियम अमलात आहे. त्यामुळे विम्यासह भाव देणाऱ्या निर्यातदाराचा एक हप्ता वाया जातो. ‘बिमा’ हा शब्द आपल्याकडून गेला खरा, पण त्याचा हप्ता आता तिकडेच भरावा लागतो.

बंद पेटीचा आणखी एक अंधारा कोपरा आहे. बिल ऑफ लेडिंगवर आतील मालाविषयी ‘असल्याचे सांगितले जाते’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. जहाज कंपनीने पेटी उघडून पाहिलेली नसते. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोंबासाहून ‘चहा’ म्हणून निघालेल्या पेट्यांतून थायलंडमध्ये तीन टनांहून अधिक आणि सिंगापुरात साडेतीन टनांहून अधिक हस्तिदंत पकडले गेले. प्रत्येक जोडी सुळ्यांमागे एक मारलेला हत्ती. त्या दशकात आफ्रिकेतून बेकायदा हस्तिदंत बाहेर जाण्याचा मोठा दरवाजा म्हणून या बंदराचे नाव घेतले जाई. येथे व्यापारी समाजाने थोडे थबकावे. एकोणिसाव्या शतकात हा व्यापार कायदेशीर होता आणि अंतर्भागात जाणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत हिंदी पेढ्या होत्या. तो माल मुंबईच्या बाजारात येई. त्यातील काही भाग पुढे विलायतेला जाई आणि काही गुजरात-राजस्थानातील नववधूंच्या हातांत बांगड्यांच्या रूपाने चढे. अहिंसेचे व्रत घरी पाळले जात होते, आणि रक्त समुद्रापलीकडे सांडत होते. कागदावर तेव्हाही फक्त वजन आणि भाव लिहिलेला असे.

मोंबासा शहरावर या शतकात आलेला सर्वांत मोठा प्रसंग मात्र चोरट्या मालाचा नव्हता. तो सरकारी हुकमाचा होता. चीनच्या कर्जातून मोंबासा ते नैरोबी हा सुमारे ४८० किलोमीटरचा नवा रुंद लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१८ पासून त्यावर मालगाड्या धावू लागल्या. मार्ग उत्तम, परंतु कर्ज मोठे. ते फेडायचे तर गाड्यांना माल हवा. बंदराने रेल्वेला ठराविक माल देण्याची हमी २०१४ मध्येच दिलेली होती. माल दिला नाही तरी पैसे द्यावे लागणार होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आदेश निघाला की नैरोबी आणि त्यापलीकडे जाणाऱ्या आयात पेट्या रेल्वेनेच जातील आणि त्यांचे सीमाशुल्क नैरोबीच्या एम्बाकासी येथील अंतर्गत आगारात भरले जाईल.

कागदावर यात तोटा कोणाचाच दिसत नाही. माल नैरोबीच्या आयातदाराच्या दारापर्यंत जातो, महामार्गावरील ट्रेलरची गर्दी आणि अपघात कमी होतात. पण बंदराचे शहर म्हणजे केवळ क्रेन आणि धक्के नव्हेत. माल जेथे सुटतो, तेथे क्लिअरिंग एजंटची कचेरी असते. कचेरीखाली झेरॉक्सवाला, शेजारी चहाची टपरी. पेट्या उतरविण्याची खासगी आगारे, त्यांतील हमाल, पहारेकरी, ट्रेलरचे मालक, चालक, गॅरेजवाले. आणि मारियाकानी, वोई, म्टिटो आंडेई अशा महामार्गावरील गावांतील खानावळी आणि पंक्चर काढणारे. आदेशाबरोबर हे सारे एकदम रिकामे झाले. अनेक एजंटांनी नैरोबीत कचेरी थाटली. ज्यांना ते परवडले नाही त्यांनी पाट्या उतरविल्या. मोंबासात दर सोमवारी काळे कपडे घालून निदर्शने होऊ लागली. नैरोबीचा आयातदारही फार सुखी नव्हता : आगारातून गोदामापर्यंतचे भाडे निराळे, रिकामी पेटी परत मोंबासाला पोचविण्याचा खर्च निराळा, आणि आगार तुंबले की मोफत दिवस तेथेही सरतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने हे आदेश घटनेला धरून नाहीत असा निर्णय दिला. लोकांना न विचारता ते काढले गेले, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. तरीही प्रत्यक्ष बदल झाला तो १३ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी शपथ घेतलेल्या राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी मालाची सोडवणूक पुन्हा मोंबासात करण्याचा हुकूम दिला. काही कचेऱ्या परत उघडल्या. परंतु तीन वर्षे म्हणजे ट्रेलरच्या हप्त्यांच्या दृष्टीने फार मोठा काळ. त्या काळात बँकेने ओढून नेलेल्या गाड्या हुकमाने परत येत नाहीत. रेल्वेचे कर्ज तर अजून फिटायचेच आहे, त्यामुळे गाड्यांना माल मिळावा हा दबावही गेलेला नाही. लोहमार्ग चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, आणि ते खरे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रेल्वेलाही विलायतेत वेडेपणाच म्हटले गेले होते. चूक झाली ती गिऱ्हाईकाला पसंत करू न देता त्याच्यावर गाडी लादण्यात.

शेजारीही आता स्वस्थ नाहीत. टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदरात २०२३ मध्ये दुबईची डीपी वर्ल्ड आली आणि २०२४ मध्ये एका कंटेनर टर्मिनलचा तीस वर्षांचा करार भारताच्या अदानी समूहाने केला. केनियाच्याच उत्तर किनाऱ्यावर लामू येथे २०२१ मध्ये नवे बंदर सुरू झाले. रवांडाचा व्यापारी आता दोन रस्त्यांचे भाडे ताडून पाहतो, आणि ज्या धक्क्यावर दिवस कमी जातात तिकडे वळतो.

संध्याकाळी मोंबासाचे लोक बेटाच्या दक्षिण टोकाशी, बाओबाबच्या जाड बुंध्यांच्या झाडांखाली, वाऱ्याला बसतात. तेथे प्रवेशमार्ग इतका अरुंद आहे की आत येणारे जहाज इमारत सरकत यावी तसे समोरून जाते. डेकवरील खलाशी ओळखू येतो. थोड्या अंतरावर लिकोनीची फेरी बेट आणि दक्षिण किनारा यांच्यामध्ये दिवसभर फेऱ्या घालते. दररोज लक्षावधी माणसे तिच्यावरून जातात : कामगार, शाळकरी मुले, डोक्यावर नारळाची टोपली घेतलेल्या बायका. १९९४ मध्ये याच खाडीत म्टोंग्वे येथे एक फेरी उलटून २७२ माणसे बुडाली. जुन्या लोकांना तो दिवस अजून आठवतो. २०२४ मध्ये दक्षिणेकडून डोंगो कुंडूचा पूल आणि रस्ता पुरा झाला, तरी पायी जाणाऱ्यांचा आधार फेरीच. मोठे जहाज आत येत असल्याचा इशारा झाला की फेरी काठाला थांबते. शेकडो माणसे उन्हात उभी राहून पेट्यांनी लादलेले जहाज पुढे जाण्याची वाट पाहतात. जहाज किलिंडिनीकडे वळते, त्याच्या मागे उठलेल्या लाटा काठाला आपटून शांत होतात, आणि फेरीचा भोंगा वाजतो.